दाजींचा कोट आणि उपग्रहाचा पाडवा

संकठा घाट, काशी
चैत्र शुद्ध पंचमी

ती. सौ. इंदूताईस,

दत्तूचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या देवालाही उभ्यानेच नमस्कार पोचतो. तुझ्यापुढे मात्र मनातल्या मनात पूर्ण आडवा झालो आहे. गुडघ्यांना काय झालं ते ओघाने येईल.) तुझी कंबर, दाजींची साखर आणि तुमच्या सांगलीच्या दारचा तो दरवर्षी मोहरून दरवर्षी फसवणारा आंबा, या तिघांची खुशाली कळव. इकडे तुझी भावजय शरदिनी मजेत, तुझ्या भाचीचे, अवनीचे, पाय जमिनीवर नाहीत, आणि मी गेले चार दिवस डाव्या गुडघ्याला तेल चोळत, आपल्या हातून नेमकं पाप घडलं की पुण्य, याचा निर्णय करतो आहे. साठ वर्षं काशीत काढून, चाळीस वर्षं लोकांना प्रायश्चित्तं सांगून, स्वतःवर वेळ आली तर ग्रंथात कलम सापडू नये, याला काय म्हणावं?

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस. मोबाइलवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस, पण ओ देत नाहीस. पत्र मात्र तू न वाचता टाकणार नाहीस, कारण पाकीट उसवून आतल्या बाजूला वाणसामानाची यादी करायची तुझी सवय मला ठाऊक आहे, आणि पाकीट उसवलं की आतलं वाचलं जातंच. रागाचं कारणही माझ्याच तोंडून गेलेलं आहे. माघात तू मला फोनवर, खऱ्या गंगेत गुडघाभर पाण्यात उभं करून शपथ घ्यायला लावलीस की "अवनीला एकटीला बर्फात जाऊ देणार नाही." एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाणी, अशी मी ती घेतली. (शेजारी स्नान करणाऱ्या नाशिकच्या बाईंनी, हा कुठला संकल्प, गुरुजी, आम्हालाही सांगा, म्हणून आग्रह धरला. त्यांना कसंबसं वाटेला लावलं.) आणि मग फाल्गुनात मीच तुला कळवलं की अवनीचं जाणं अजून मोडलेलं नाही. त्या दिवसापासून तुझा फोन मुका आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू चौदाची. मला न्हाऊ घालणारी, मारणारी आणि मारल्यावर गूळ देणारी तूच. तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. म्हणून हे सगळं नीट, पहिल्यापासून सांगतो.

अवनी विद्यापीठात चार वर्षं काय करते, हे तुला मी कधी धड सांगितलेलं नाही, कारण मलाच ते परवापरवापर्यंत कळलेलं नव्हतं. ती हिमालयातल्या बर्फाचा अभ्यास करते, आणि तो काशीत बसून, पंख्याखाली, घाम पुसत करते. आकाशातून एक उपग्रह जातो. तो आपल्यासारखा डोळ्यांनी बघत नाही, हाक मारतो आणि खालून ओ येते का ते ऐकतो. (त्याला रडार म्हणतात.) त्यामुळे अंधार, ढग, धुकं, काहीच त्याला आडवं येत नाही. बर्फ कोरडा असला तर हाक आरपार जाते, खालच्या दगडमातीवर आपटून परत येते. पण उन्हाने तोच बर्फ ओला झाला की हाक गिळून टाकतो, आणि चित्रात तेवढी जागा काळी दिसते. काळं कुठवर पसरलं ते बघून या पोरी सांगतात की बर्फ कुठे वितळायला लागला आणि गंगेला पाणी कधी येणार. शरदिनीने हे सगळं कणीक मळता मळता ऐकलं आणि विचारलं, की पांढऱ्या बर्फाला काळं म्हणायला चार वर्षं शिकावं लागतं का. मला मात्र ते एकदम पटलं. ओ न देणारं माणूस आतून ओलं झालेलं असतं, हे मला तुझ्या निळ्या खुणा बघून आधीच कळायला हवं होतं.

आता गंमत अशी, की चार वर्षं बर्फाचा अभ्यास करणाऱ्या या मुलीने बर्फ कधी पाहिलेला नाही. घरातल्या फ्रिजच्या भिंतीला साचतो तो आणि लग्नात माशांच्या... नव्हे, सरबतांच्या पिंपात टाकतात तो, एवढीच तिची ओळख. ताजा बर्फ कसा असतो हे ती मला चौखंब्यात नेऊन मलइयो खाऊ घालून समजावते. (आठवतो ना तुला? थंडीतला तो दुधाचा केशरी फेस, तोंडात घालावा तर नाहीसा होतो.) म्हणे ताजा बर्फ असाच, जास्त हवा आणि थोडं पाणी. तिच्या मालविका मॅडमनी या वर्षी ठरवलं की हरसिलच्या वर, भागीरथीच्या खोऱ्यात चार जणांची तुकडी न्यायची, बर्फ खणून त्याची ओल मोजायची आणि ती उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघायची. पण उपग्रहाच्या चित्रात आपला खड्डा नेमका कुठला, हे कळायला खूण लागते. त्यासाठी धातूचे तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून एक डबा करतात. उपग्रहाची हाक त्या कोपऱ्यात शिरली की आल्या वाटेने ठणठणीत परत जाते आणि चित्रात त्या जागी चांदणी उमटते. शरदिनीने बघताक्षणी त्याचं नाव शिंगाडा ठेवलं आणि आता विद्यापीठातही तेच चालू आहे. मॅडमची अट एवढीच, की अवनीने शिंगाडा इथे लावून त्याची चांदणी दाखवावी. दिसली तर अवनी जाणार, नाही तर तिच्या जागी दुसरा मुलगा.

आणि ताई, तो शिंगाडा घडवायला मीच मदत केली! ठठेरी बाजारातल्या कारागिराने पत्रे कापून दिले, पण कोन सरळ आहे की नाही यावर अवनी आणि तो सकाळभर भांडत बसले. माझ्याने राहवेना. यज्ञकुंड आखताना जशी दोरी घेतो तशी घेतली, सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या, तीन, चार, पाच असा त्रिकोण ताणला आणि पत्र्याच्या कोपऱ्यात बसवला. केसभर फरक निघाला. कारागिराने कानाला हात लावला, अवनीने मला सगळ्या बाजारासमोर मिठी मारली, आणि आपण शपथ घेतलेली आहे हे मला घरी पोचल्यावर आठवलं. डोकं वापरायची वेळ आली की माझे हात आधी चालतात, हे तू लहानपणापासून सांगत आलीस.

जागा ठरली ती समोरची रेती. शहरात घरं, टाक्या, तारा इतक्या, की उपग्रहाला सगळीकडून ओच ओ ऐकू येते, त्यात आपल्या शिंगाड्याचं कोण ऐकणार? पलीकडची रेती मात्र सपाट, गप्प, चित्रात काळी. (ही तीच रेती. मी पाच वर्षांचा असताना आपल्या लल्लन नावाड्याच्या बापाच्या नावेत लपवून तू मला तिथे नेलं होतंस. भर दुपारी ती पांढरी लखलखत होती. तू मला सांगितलंस की हा बर्फ आहे, गंगेबरोबर हिमालयातून वाहत आला. मी टोपी काढून ती भरून घेतली, दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणली आणि संध्याकाळपर्यंत वितळायची वाट बघत बसलो. वितळली नाही म्हणून किती रडलो होतो! आप्पांनी आपल्या दोघांना बदडलं, पण तुला हसू आवरत नव्हतं. तेव्हा मुलींनी नदी ओलांडू नये हे तुला कोणीच सांगितलं नव्हतं की काय?)

उपग्रह दर बारा दिवसांनी येतो. एकादशीपेक्षाही नेमाने, वृद्धी नाही, क्षय नाही. मी त्याचं वर्षभराचं पंचांग करून भिंतीवर लावलं आहे. त्यात बरोबर पाडव्याला सकाळी सहाची फेरी आली. साडेतीन मुहूर्तांतला एक पूर्ण मुहूर्त! आदल्या दिवशी आम्ही शिंगाडा लल्लनच्या नावेतून रेतीवर नेला. अवनीने हातातला कागद बघत बघत त्याचं तोंड पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या घाटांकडे केलं. मी म्हटलं, अगं, कुठलंही शुभकार्य पूर्वेकडे तोंड करून करतात. त्यावर ती म्हणाली, "बाबा, टेन्शन मत लो. उपग्रहाला मुहूर्त नसतो." उपग्रह जाताना शंभर हातांत कोणी जायचं नाही, अशी लल्लनला ताकीद देऊन आम्ही परतलो.

आता ऐक. पाडव्याच्या पहाटे नेहमीसारखं स्नान झालं, तर्पण झालं, बोटात दर्भाचं पवित्रक तसंच होतं आणि समोर ती रेती. मला एकदम तुझा आवाज ऐकू आला. (खरंच. "दत्ऽऽतू!" असा.) मनात आलं, शपथ पाळायची तर हीच वेळ आहे. चांदणी उमटली नाही म्हणजे पोरगी घरी राहील, ताईचा शब्द राहील, आणि कड्यावरून घसरण्याचं, बर्फाखाली सापडण्याचं माझं रोजचं वाईट स्वप्नही थांबेल. खोटं कशाला बोलू? तुझ्या शपथेआड माझीच भीती लपलेली होती. एकुलती एक मुलगी आहे, ताई. ती स्वयंपाकघरात उशिरा आली तरी मी चपला शोधायला लागतो.

लल्लनला उठवलं आणि निघालो. शिंगाड्यापाशी पोचलो तर अडचण सुरू. पाडायला हात उचलला, पण वर्षाच्या पहिल्या दिवशी उभं केलेलं काही पाडायचं नसतं, गुढीचा दिवस. मग म्हटलं, तोंड फिरवू. दक्षिणेकडे? ती यमाची दिशा, पोरीच्या कामाला ती कशी द्यायची? शत्रूच्या कामालाही मी देणार नाही. उत्तरेकडे करावं तर तिकडेच हिमालय, म्हणजे मीच तिला वाट दाखवल्यासारखं. राहिली पूर्व. पश्चिमेच्या बरोबर उलट, म्हणजे काम तर हमखास बिघडणार, शिवाय शास्त्रालाही धरून. लल्लन डोकं खाजवत म्हणाला, "गुरुजी, बिटिया छूए के मना कइले हईं." मी म्हटलं, दिशाशुद्धी करतो आहे. वाळूच्या पिशव्या सरकवल्या, गुडघे टेकले आणि फिरवला. फिरवला तो फिरवला, पण वाकडा ठेवायला हात धजेना. उगवतीची लाली धरून, काठी रोवून, अगदी शुद्ध पूर्व साधली. आणि पाप करतोय तर निदान विधीने करावं म्हणून खाली एक सुपारी ठेवली, चार अक्षता टाकल्या, कुंकवाचं बोट लावलं.

उठायला गेलो तर गुडघा आला नाही. धोतराचा सोगा पत्र्याच्या स्क्रूत अडकलेला. सहाला सात मिनिटं कमी! लल्लनने मला काखेत धरून उपटलं, सोगा टर्रकन फाटला, माझं पवित्रक त्या गडबडीत कुठे पडलं कोण जाणे, बहुतेक गंगेतच. त्याने मला ओढत एका उंचवट्यामागे नेलं आणि आम्ही दोघे पालथे पडून राहिलो. मला वाटत होतं, उपग्रहाच्या चित्रात मी फाटक्या धोतरात, चोरी करताना, कायमचा उमटणार आणि मालविका मॅडम तो वर्गात दाखवणार. (दुसऱ्या दिवशी मी सहज म्हणून अवनीला विचारलं, की त्यात माणसं दिसतात का. नाही दिसत. त्या दिवशी प्रथमच नीट जेवलो.) सहा वाजले. वर काहीच झालं नाही, आवाज नाही, ठिपका नाही. समोर मात्र सूर्य उगवला, बरोबर मी साधलेल्या जागी, आणि तिन्ही पत्रे एकदम लालबुंद भरले. ताई, इतकं सुंदर काही मी बिघडवलं, या विचाराने मला तिथेच रडू आलं. लल्लनला वाटलं गुडघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाडव्याचं उरलेलं श्रीखंड वाटीत घेऊन आम्ही बसलो होतो आणि अवनीने लॅपटॉप उघडला. गंगा काळी, वळलेली. घाटांची आणि गल्ल्यांची पांढरी गर्दी. समोर रेती, पुन्हा काळी. आणि त्या काळ्यात एक चांदणी, चार हात पसरलेली, लख्ख! अवनी किंचाळली, शरदिनीच्या हातून वाटी पडली आणि मी, ज्याने ती चांदणी विझवायला गुडघे फोडले, तो मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो. नाचलोसुद्धा, एका पायावर. भानावर आल्यावर मी सावधपणे म्हटलं, तोंड पश्चिमेला होतं ना ग? तर ती शांतपणे म्हणाली, की सकाळच्या फेरीत उपग्रह पूर्वेच्या अंगाने बघतो, संध्याकाळच्या फेरीला पश्चिम. मग सकाळी चांदणी आली कशी, असं विचारल्यावर म्हणाली, "मीच बदललं असेन शेवटी, विसरले." बिचारीला स्मरण कमी. आपल्या घराण्यातच आहे. शिंगाडा परत आणायलाही मला गुडघ्यामुळे जाता आलं नाही, तीच जाऊन घेऊन आली. सुपारी वगैरे वाऱ्याने उडाली असावी, कारण ती काही बोलली नाही.

तर ताई, निर्णय तूच दे. शपथ पाळायला मी देहाने, मनाने आणि गुडघ्याने झटलो. जिच्या पाण्यात शपथ घेतली त्या गंगेनेच आपल्या रेतीवर तो डाव उलटवला. चार जणांची तुकडी आहे, तेव्हा पोरगी एकटी नाही, अशी पळवाट मी शोधून पाहिली, पण घरचं माणूस बरोबर नसलं की तुझ्या हिशेबी ती एकटीच, हे मला माहीत आहे. तरी आता मी तिला अडवू शकत नाही, आणि खरं सांगतो, अडवावंसं वाटत नाही. ती चांदणी बघताना तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. नावेत लपून रेतीवर निघालेल्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा चेहरा मला आठवला. रागव, पण फोनवर रागव. ओ दे.

दाजींना नमस्कार. आंब्याला पाणी.

तुझा,
दत्तू

ता. क. १. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तुकडी निघणार. दाजींनी बद्रीनाथला जाताना शिवलेला आणि एकदाच घातलेला तो जाड लोकरीचा कोट डांबरगोळ्यांतून काढून लगेच स्पीडपोस्टने पाठव. अवनीला होईल. दाजी नाही म्हणतील, त्यांना मोहराचं निमित्त करून परसात ने आणि तेवढ्यात ट्रंक उघड.

ता. क. २. दिशेचं जे मी वर लिहिलं ते फक्त तुझ्यात आणि माझ्यात. अवनीला कळलं तर ती आयुष्यभर माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

ता. क. ३. मला स्वतःला बर्फ बघायची मुळीच हौस नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगून ठेवतो. या वयात कसली हौस!

आत्या, नमस्कार. मी अवनी. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस म्हणाले, म्हणून वाचलं. सुपारी मिळाली, अक्षता मिळाल्या, आणि पवित्रक गंगेत नाही पडलं, स्क्रूला लटकत होतं. माझ्या पेनच्या डब्यात ठेवलंय. चूक माझीच होती, संध्याकाळच्या फेरीचा कागद हातात धरून बसले होते. मॅडमना सगळं सच सच सांगून टाकलं. वाटलं, गेलं माझं नाव. मॅडम आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, वर चार शिंगाडे लावायचे आहेत, दिशा चुकवून चालणार नाही, त्या दोरीवाल्या बाबांनाच घेऊन ये. गाडी जाते तिथपर्यंतच त्यांना नेणार, गुडघ्यांची चिंता नको. आईला माहीत आहे. बाबांना निघायच्या आदल्या दिवशी सांगणार, नाही तर रोज एक नवा मुहूर्त निघेल. म्हणजे मी एकटी नाही जात, तुझी शपथ पण पक्की. मला विभागाचं जॅकेट आहे. कोट बाबांना लागेल, आतोबांची आणि त्यांची उंची एकच ना?

टोपी पाठवू नकोस. त्यांची जुनी मी इथूनच घेते. या वेळी भरून आणली की वितळेल.